पालेभाज्या किती अंगी लागतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचत गटाच्या बैठकांना आहारावर बोलायला जाते तेव्हा शेवटी चिठ्ठ्या येतात, आणि घरी पोचेपर्यंत फोनवर मेसेज सुरू. त्यातले निम्मे प्रश्न पालेभाज्यांचे आणि तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळे इथे लिहून काढतेय. एका गोष्टीवर मी परत परत येणार आहे ते आधीच सांगते, भाजीच्या पानात किती आहे हा एक हिशोब आणि त्यातलं अंगी किती लागतं हा दुसरा, आणि आपल्या कामाचा दुसराच.

१. पालेभाजी म्हणजे ९० टक्के पाणीच ना? मग त्यात असं काय असतं?

पाणी असतं हे खरंय, पालकात ९१ टक्क्यांच्या आसपास. १०० ग्रॅम पालकात कॅलरी जेमतेम २३-२५, म्हणजे नुसती भाजी खाऊन पोट भरणार नाही, ते काम भाकरीचं. पण त्या उरलेल्या ८-९ टक्क्यांत बीटा-कॅरोटीन (ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं), फोलेट, क आणि के जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि चोथा एवढं सगळं बसलेलं असतं. इतक्या कमी कॅलरीत एवढं देणारं स्वयंपाकघरात दुसरं फारसं काही नाही. प्रोटीन थोडंच, पालकात २-३ ग्रॅम, शेवग्याच्या पाल्यात मात्र ६ ग्रॅमच्या वर. आणि बी-१२ अजिबात नसतं, ते कुठल्याच पालेभाजीतून मिळत नाही, शाकाहारी असाल तर त्यासाठी दूध-दही बघावं लागतं, किंवा डॉक्टर सांगतील तशी गोळी.

२. एक जुडी चौघांना पुरते का? माणशी किती खायची?

माणशी दिवसाला ५० ते १०० ग्रॅम कच्ची, निवडलेली पानं धरून चाला, गरोदर बाईने १०० च्या बाजूला राहावं. मी एकदा मेथीची जुडी (आमच्याकडे गड्डी म्हणतात, कोल्हापूर-साताऱ्याकडे पेंडी) काट्यावर ठेवून बघितली, मुळं-मातीसकट २६० ग्रॅम भरली, निवडून झाल्यावर पानं राहिली १२० ग्रॅम, आणि कढईत टाकल्यावर झाली दीड वाटी. म्हणजे एका जुडीत चौघांना प्रत्येकी ३० ग्रॅम. ताटात डाव्या-उजव्या बाजूला चमचाभर वाढतो ती चवीपुरती झाली. दोन जुड्या घ्या, किंवा डाळ घालून पातळ भाजी करा म्हणजे सगळे वाटी भरून खातात.

३. सगळ्यात जास्त लोह पालकात असतं ना?

नाही. आपल्याकडच्या भाज्यांत पालक लोहाच्या बाबतीत खालच्या रांगेत आहे, १०० ग्रॅममध्ये साधारण ३ मिलिग्रॅम. मेथी आणि कोथिंबीर ५ च्या पुढे, लाल माठ ७ च्या आसपास, आणि कढीपत्ता तर ८ च्याही वर, जो आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो. पालकाचं नाव झालं कारण तो बारमाही आणि सगळीकडे मिळतो. पालक वाईट नाही, फोलेट आणि के जीवनसत्त्वासाठी उत्तमच आहे, पण लोहासाठी म्हणून आठवडाभर पालकच आणत असाल तर मेथी, माठ, शेवगा आलटून पालटून आणा.

४. ताई, मी रोज पालेभाजी खाते तरी हिमोग्लोबिन ९ च्या वर जात नाही, असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्या बायकांचे चेहरे बघून मला वाईट वाटतं, कारण त्या खरंच मनापासून खात असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या आणि महाराष्ट्रातल्याही १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी निघालं होतं, त्यामुळे तुम्ही एकट्या नाही.

हिशोब बघा. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये ठरवलं. भाजी-धान्यातल्या लोहापैकी शरीर घेतं ते ५ ते १० टक्केच, बाकीचं तसंच बाहेर जातं. आता ते जास्त आत जावं म्हणून क जीवनसत्त्व त्याच जेवणात हवं, म्हणजे भाजीवर लिंबू पिळा (गॅस बंद केल्यावर, शिजताना नको), सोबत कच्चा टोमॅटो-कांदा घ्या, आवळा किंवा पेरूची फोड खा. आणि चहा जेवणापासून निदान तासभर लांब ठेवा. चहातल्या टॅनिनसारख्या घटकांमुळे लोह अडकून बसतं, आपल्याकडे सकाळी चहा-पोळी-भाजी एकत्रच होते आणि तिथेच सगळं पाण्यात जातं. एका गटातली ताई मला म्हणाली, मेथीची भाजी-भाकरी खाऊन वर लगेच कपभर चहा घेतल्याशिवाय मला शेतात जाववत नाही, तर मी तिला चहा सोड असं नाही सांगितलं, चहा उठल्याउठल्या घे आणि भाजी-भाकरी शेतात नेऊन दहाला खा म्हटलं, तिला ते जमलं.

पण हिमोग्लोबिन ९ च्या आसपास किंवा खाली असेल, पाळीत फार रक्त जात असेल, जंत असतील, तर नुसत्या भाजीने भरून येणार नाही, लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. भाजी ही गोळीच्या जोडीला.

५. लाल माठाचं पाणी रक्तासारखं लाल निघतं, म्हणजे त्याने रक्त वाढतं का?

तो लाल रंग बीटाच्या रंगाच्या जातीचा आहे, त्याचा लोहाशी संबंध नाही. माठात लोह चांगलं असतं ही गोष्ट वेगळी. भाजी धुताना वाडग्यात लाल पाणी उतरतं ते बघून लोह वाहून गेलं असं समजू नका. ते अंगी लागण्यासाठी काय करायचं ते प्रश्न ४ मध्ये आहे.

६. मला दूध पचत नाही. पालेभाजीतून कॅल्शियम भरून निघेल का?

निघेल, पण भाजी बघून घ्या. १०० ग्रॅम मेथीत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, शेवग्याच्या पाल्यात ३०० च्या वर, दुधात साधारण १२०. आकड्यावर हुरळून जाऊ नका असं मी सांगते ते इथे, कारण पालक, माठ, राजगिरा, चुका, अळू यांत ऑक्झलेट नावाचा घटक भरपूर असतो आणि तो कॅल्शियमला धरून ठेवतो. दुधातलं कॅल्शियम ३० टक्क्यांच्या आसपास अंगी लागतं, पालकातलं जेमतेम ५ टक्के. माठात कॅल्शियम कागदावर खूप दिसतं पण तिथेही हाच अडसर. मेथी, शेवगा, कोथिंबीर, मुळ्याचा पाला यांत ऑक्झलेट त्या मानाने बरंच कमी, म्हणून कॅल्शियमसाठी या घ्या, सोबत नाचणी आणि तीळ. आणि दूध पचत नसलं तरी दही-ताक बऱ्याच जणांना पचतं, ते एकदा करून बघा.

७. मग पालक पनीर एकत्र खाऊ नये म्हणतात ते बरोबर आहे?

अर्धवट बरोबर. पनीरमधलं थोडं कॅल्शियम पालकातल्या ऑक्झलेटला चिकटतं आणि वाया जातं, कॅल्शियम लोहालाही थोडं अडवतं. पण चवीसाठी महिन्यातून दोनदा करत असाल तर खुशाल करा, काही बिघडत नाही. उलट मुतखड्याच्या दृष्टीने ही जोडी नुसत्या पालकापेक्षा बरी, ते पुढच्या उत्तरात.

८. मुतखडा होऊन गेलाय. पालेभाजी कायमची बंद करू का?

सगळ्या पालेभाज्या बंद करायची गरज नाही. आधी खडा कशाचा होता ते रिपोर्टमध्ये बघा. बहुतेकांचा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो, त्यांनी पालक, चुका, अळू, माठ, राजगिरा कमी करावं, मेथी, शेपू, कोबी, मुळ्याचा पाला चालतो. लोक इथे एक चूक हमखास करतात, कॅल्शियमचा खडा म्हणून दूध-दही सोडून देतात. आतड्यातच दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून टाकतं आणि ते शौचावाटे निघून जातं, दही सोडलं तर मोकळं ऑक्झलेट रक्तात जाऊन लघवीत उतरतं आणि खडा व्हायला आणखी वाव. म्हणून पालक खायचाच असेल तर उकळून, पाणी टाकून, दह्याबरोबर. ताकातला पालक आपल्या आज्या करायच्या तोच. आणि पाणी भरपूर प्या.

९. भाजी उकळून पाणी टाकून द्यायचं की ठेवायचं? आणि कच्ची खाल्लेली जास्त चांगली ना?

भाजीवर अवलंबून आहे. उकळत्या पाण्यात क जीवनसत्त्व आणि फोलेट उतरतं, ते पाणी टाकलं की तेही गेलं. त्याच पाण्यात विरघळणारं ऑक्झलेटही जातं. म्हणून मेथी, शेपू, शेवगा, कांदापात यांचं पाणी टाकायचं कारण नाही, धुतलेल्या पानांना जेवढं पाणी असतं तेवढ्यावरच परता. पालक-माठ रोज खाणाऱ्याने किंवा खडा झालेल्याने पाणी टाकावं. अंबाडी उकळून पिळून घेतात ती आंबटपणा कमी करायला, तांदळाच्या किंवा ज्वारीच्या कण्या घालून वर लसणाची कडकडीत फोडणी, त्यात थोडं क जीवनसत्त्व गेलं तरी मला चालतं कारण ती भाजी तशीच पोटभर खाल्ली जाते.

कच्च्याचं म्हणाल तर खानदेश-मराठवाड्यात कोवळ्या मेथीचा किंवा कांदापातीचा घोळाणा करतात, दाण्याचं कूट, तिखट, मीठ, वरून कच्चं तेल, यात क जीवनसत्त्व पूर्ण मिळतं. शिजवल्यावर मात्र पानाच्या पेशी फुटतात आणि बीटा-कॅरोटीन जास्त मोकळं होतं. म्हणजे दोन्हीला आपापली जागा आहे. कच्ची खायची तर धुण्यात कसूर नको, प्रश्न १४ बघा. अळू कच्चं नकोच, पालक-चुका कच्चे क्वचितच.

१०. रंग हिरवागार राहावा म्हणून सोडा घातला तर?

नका घालू. सोड्याने रंग टिकतो पण क जीवनसत्त्व आणि बी-१ नासतं, पानंही गिळगिळीत होतात. रंगासाठी भाजी झाकण न ठेवता मोठ्या आचेवर पटकन शिजवा, झाकण ठेवलं की पानातली आम्लं वाफेबरोबर बाहेर जात नाहीत आणि रंग शेवाळासारखा होतो. लोखंडी कढई असेल तर फार चांगलं, त्यातलं थोडं लोह भाजीत उतरतं, टोमॅटो-चिंच घातली तर जास्तच. फक्त शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा नाहीतर भाजी काळी पडते.

११. वजन कमी करतेय म्हणून तेल न घालता नुसती वाफवून खाते, रोज सकाळी पालकाची स्मूदीही घेते. बरोबर आहे ना?

चमचाभर तेल घालाच. बीटा-कॅरोटीन, के आणि ई जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषलं जात नाही. माणशी एक छोटा चमचा फोडणी, नाहीतर दाण्याचं कूट किंवा ओलं खोबरं पुरे. तुपाची धार हा उगाच लाड नाही. स्मूदीचं जरा सांभाळून, दोन मुठी कच्चा पालक रोज म्हणजे रोज भरपूर ऑक्झलेट, आठवड्यात एखाद-दोनदा ठीक.

१२. गरोदरपणात फॉलिक ॲसिडची गोळी देतात, पालेभाजी खात असेन तर गोळी कशाला?

गोळी घ्याच. बाळाची मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते, तेव्हा बऱ्याच जणींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं, त्यामुळे गोळी आधीपासून हवी आणि भाजीतलं फोलेट शिजवताना किती उरलं याचा भरवसा नसतो.

याची गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे आणि ती मला दर बैठकीत सांगावीशी वाटते. लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली, कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक वेगळ्याच प्रकारचा पंडुरोग (रक्त कमी होण्याचा आजार) होत होता तो शोधायला. बायका काय खातात ते तिने बघितलं, आणि यीस्टचा अर्क दिल्यावर त्या बऱ्या होतात हे १९३१ मध्ये छापून सांगितलं. त्या अर्कात काय आहे ते तेव्हा माहीत नव्हतं. १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्ससमध्ये पालकाच्या पानांतून एक घटक वेगळा काढला, लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात म्हणून त्याला फॉलिक ॲसिड नाव पडलं, आणि पुढे विल्सबाईंच्या अर्कातलं औषध म्हणजे फोलेटच हे कळलं. म्हणजे त्या गोळीच्या नावातच पान आहे, तरी गोळीची जागा पानाने घ्यायची नाही आणि पानाची गोळीने.

१३. अळूने घसा खाजतो. तब्येतीला वाईट असतं का?

अळूच्या पानात-देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात म्हणून खाज. चिरताना हाताला तेल किंवा चिंच-कोकमाचं पाणी लावा, भाजी अगदी गळेपर्यंत शिजवा, चिंच घाला. फतफत्यात चणाडाळ, शेंगदाणे, मुळा, खोबरं घालतो त्याने ते जेवण भरीव होतं, अ जीवनसत्त्वासाठी अळू छानच. तरी खाजला तर ती जात वडीची-भाजीची नाही असं समजा, पुढच्या वेळी दुसऱ्या भाजीवाल्या मावशींकडून घ्या. खडा झालेल्यांनी जपून.

१४. पावसाळ्यात पालेभाजी खाऊ नये म्हणतात, मग रानभाज्या कशा चालतात? आणि कशी धुवायची?

पावसाळ्यात बाजारच्या जुडीला चिखल, अळ्या आणि घाण पाणी लागलेलं असतं, जुनी माणसं त्यासाठी टाळायची. टाळण्यापेक्षा धुवा. आधी जुडी सोडून मुळं कापा, मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पानं बुडवून हलवा आणि पानं वर उचलून घ्या, पाणी ओतू नका कारण माती तळाशी बसलेली असते ती परत पानांवर येते. असं तीन-चार पाण्यातून, तळाला कण दिसायचे थांबेपर्यंत. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवलं तर अळ्या निघतात. साबण नको. आणि चिरण्याआधी धुवा, चिरल्यावर धुतलं की क जीवनसत्त्व पाण्याबरोबर जातं. औषधफवारणी धुऊन सगळी जात नाही, वरवरची जाते. गरोदर बाईने पावसाळ्यात कच्चा पाला खाऊ नये, शिजवूनच.

टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी या पहिल्या पावसात माळावर येतात, फवारणीशिवाय, आणि कोवळ्या असतानाच खातात. या भाज्या आपण विसरत चाललोय याचं मला फार वाटतं. ऋषिपंचमीची भाजी आणि गौरीला शेपूची भाजी-भाकरी यामुळे निदान वर्षातून एकदा तरी घरात येतात. फक्त ओळख पक्की असल्याशिवाय स्वतः तोडू नका, आदिवासी बायका आणतात त्यांच्याकडून घ्या, करायची कशी तेही त्यांनाच विचारा, काही भाज्या आधी उकळून पाणी टाकावंच लागतं.

१५. देठं टाकते ते चूक आहे का?

कोवळी टाकू नका. माठाची देठी वेगळी परतून होते, कोथिंबिरीचे देठ वाटणात. मुळ्याचा पाला तर भाजीवाल्याकडेच तोडून देतात लोक, तो घरी आणा, मूगडाळ घालून भाजी करा.

१६. बाळाला कधीपासून द्यायची? मोठा मुलगा हिरवं दिसलं की ताट सरकवतो.

सहा महिने पूर्ण झाले की मुगाच्या खिचडीत चमचाभर बारीक वाटलेली, तूप घालून, ताजी. सकाळची वाटलेली भाजी बाहेर ठेवून संध्याकाळी बाळाला देऊ नका, पानांत नायट्रेट असतात आणि ठेवल्यावर ते बदलतात. मोठ्यांची उरलेली भाजीही दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावी आणि दुसऱ्या दिवशी संपावी.

मुलाला जबरदस्ती नको. मेथीचे धपाटे, कोथिंबीर वडी, पालकपुरी यातून सुरू करा, पण वड्या-पुऱ्यांत भाजी थोडी आणि पीठ-तेल जास्त जातं एवढं लक्षात ठेवा. निवडायला बसवा. माझा भाचा मेथी निवडता निवडता कच्ची पानं खायला लागला, चार वर्षांचा होता.

१७. बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणाले हिरवं बंद, खरंच?

गोळी कुठली ते बघा. वॉरफरिन किंवा असिट्रॉम असेल तर के जीवनसत्त्व तिच्या उलट काम करतं आणि हिरव्या पानांत ते दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट असतं. बऱ्याचदा बंद करायची नसते, एकसारखी ठेवायची असते. आठवडाभर काहीच नाही आणि रविवारी दोन वाट्या मेथी असं झालं की आयएनआर (रक्त किती वेळात गोठतं ते दाखवणारा तपासणीतला आकडा) खालीवर होतो. किती चालेल ते डॉक्टरांनाच विचारून ठरवा आणि बदल करायचा तर आधी कळवा. रिवारोक्साबॅन, अपिक्साबॅन या गोळ्यांना ही अडचण नाही.

१८. किडनीचा त्रास आहे, पोटॅशियम वाढलंय. आणि थायरॉइडवाल्यांनी कोबी-मोहरीचा पाला खावा का?

किडनीवाल्यांनी भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी टाकायचं, पोटॅशियम बरंच उतरतं. जीवनसत्त्वं जातात पण इथे ते परवडतं. किती खायचं ते रिपोर्ट बघून आहारतज्ज्ञच सांगतील, माझ्या उत्तरावर ठरवू नका. थायरॉइडवाल्यांनी शिजवलेली, नेहमीच्या प्रमाणात, आयोडीनयुक्त मीठ असेल तर खावी, कच्च्या पाल्याचे ग्लासभर रस नकोत.

१९. शेवग्याच्या पाल्याची पावडर आणू का?

दारात झाड असेल तर ताजा पाला खा. वाळवायचा तर सावलीत, उन्हात बीटा-कॅरोटीन उडतं. पावडरीचे आकडे मोठे दिसतात कारण पाणी गेलेलं असतं आणि आपण खातो चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम. आमटीत, भाकरीच्या पिठात घालायला ठीक आहे, महाग डबे आणायची गरज नाही.

२०. आम्ही परदेशात असतो, इथे मेथी-माठ मिळत नाही. काय खायचं?

केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) घ्या, त्यात ऑक्झलेट कमी आणि कॅल्शियम चांगलं अंगी लागतं, जाड शिरा काढून बारीक चिरा आणि लसूण, मूगडाळ घालून आपल्या मेथीसारखीच परता. स्विस चार्ड पालकाच्या कुळातलं, तर त्याला प्रश्न ६ आणि ८ लागू. बीट-मुळा पाल्यासकट मिळाला तर पाला फेकू नका. आणि मेथी घरी होते. डब्यातले मेथीदाणे रात्री भिजवा, पसरट कुंडीत दाट पेरा, वर बोटभर माती, रोज पाणी शिंपडा. दोन आठवड्यांत मुंबईच्या समुद्रमेथीसारखी बोटाएवढी कोवळी जुडी तयार होते, मुळं कापून सगळीच्या सगळी वापरायची, आणि खिडकीत ऊन येत असेल तर महिनाभरात मोठी मेथी.